कॉम्प्युटर मंदावला? खोळंबा कुठे आहे ते आधी शोधा



गाळपाचा वेग कमी झाला की कारखान्यात प्रथम काय करतात, हे आपणांस ठाऊक आहे. ऊस वेळेवर येत नाही काय, गव्हाणीत अडला काय, मिलमध्ये काही बिघाड आहे काय, की बॉयलरची वाफ पुरत नाही, हे पाहतात. खोळंबा जिथे असेल तिथेच हात घालतात. वाफ कमी असताना मिल खोलून बसण्यात काय अर्थ? ही गोष्ट आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही समजते. पण घरातला कॉम्प्युटर मंदावला की आपणच म्हणतो, "जुना झालाय, टाका भंगारात, नवा आणा." आणि उसाचे बिल बँकेत जमा होते न होते तोच त्याला पहिली कात्री लागते.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत कॉम्प्युटर कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, आपल्या भागात ऊस आणि कॉम्प्युटर एकाच बांधावर उभे आहेत. हिंजवडीच्या ज्या माळावर आज राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे तिथे आधी साखर कारखाना व्हायचा होता, ही हकिगत श्री. शरद पवार यांनी जाहीर भाषणांतून सांगितलेली आहे. पुढे संत तुकाराम कारखाना कासारसाईला उभा राहिला, आणि हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या. आज मुळशी, मावळ, खेडच्या घराघरांत एक भाऊ उसात, तर दुसरा चाकणच्या नाहीतर तळवड्याच्या कंपनीत, असा संसार आहे. सातबारा, पीक विमा, मुलांचे परीक्षेचे अर्ज, सगळे कॉम्प्युटरवर आले आहे. तेव्हा ते यंत्रही आपल्या औतफाट्यातलेच समजावे.

घरातली हकिगत

आमच्या घरी पुतण्याने कंपनीच्या लिलावातला एक जुना कॉम्प्युटर आणला होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मुदत संपली, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर घेत नाही; त्यामुळे अशी बरीच यंत्रे कंपन्यांतून बाहेर पडली. पुतण्याने त्यावर लिनक्स घातले.

लिनक्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरच्या सर्व भागांवर देखरेख करणारी जी मूळ व्यवस्था असते तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही तशी एक, लिनक्स दुसरी. १९९१ साली फिनलंड देशातील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला केला. तेव्हापासून जगभरचे हजारो लोक तिच्यात भर घालत आले आहेत. ती कोणा एकाच्या मालकीची नाही, आणि बहुतेक प्रकार फुकट मिळतात. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनेही 'बॉस' नावाचे भारतीय लिनक्स काढले आहे. दहा जणांनी मिळून उभे करावे आणि दहा जणांनी वापरावे, ही रीत आपल्या सहकाराला काही परकी नाही.

तर हा कॉम्प्युटर दिवाळीपर्यंत बरा चालला. पुढे ब्राउझर, म्हणजे इंटरनेटची पाने उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, अगदी रडतखडत चालू लागला. पुतणी बारावीला. तिचा सीईटीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. शेतात तोडणी चालू, टोळीच्या मुकादमाशी बोलणे चालू, त्यात ही पोर रडवेली होऊन आली. "काका, पान उघडेपर्यंत वेळ संपतोय. परत लॉगिन करायला सांगतंय. तीनदा झालं."

मोबाईलवर अर्ज उघडत होता. पण फोटो, सही आणि दाखले सगळे कॉम्प्युटरात. शिवाय बारीक अक्षरांत एखादा आकडा चुकला तर वर्षाचा प्रश्न. घरात ज्याने त्याने आपापला निकाल दिला. थोरला म्हणाला, "लिनक्समुळंच झालंय, विंडोज पाहिजे व्हतं." धाकटा म्हणाला, "डबाच जुना हाय." मी तर दोन महिन्यांपूर्वीच इंटरनेटचा वरचा प्लॅन घेऊन जादा पैसे मोजले होते, आणि फरक शून्य. आता बिलाचा हप्ता मोडून लॅपटॉप आणायचा, असे ठरत आले होते.

तात्यांचे तीन प्रश्न

इतक्यात शेजारचे तात्या आले. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षे मेंटेनन्सला फिटर म्हणून काढली. कॉम्प्युटरचे त्यांना काही कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण बिघाड शोधण्यात त्यांचा हातखंडा. पाटावर बसून त्यांनी पोरीला तीन गोष्टी विचारल्या.

"कधीपास्नं मंद झाला?"

"दिवाळीनंतर, तात्या."

"दिवाळीनंतर त्याच्यात काय नवं घातलंस?"

पोरीने जरा आठवून सांगितले, व्हिडिओ उतरवून घेण्याचे एक आणि खरेदीत सवलत शोधून देण्याचे एक, अशी दोन जोडण्या ब्राउझरला लावल्या होत्या. शिवाय क्लासची पाने ती बंदच करत नव्हती, उघडीच ठेवत होती.

"बरं. आणि मंद मंद म्हणतेस, म्हंजी किती? घड्याळ लावलंस का?"

घड्याळ कोणीच लावले नव्हते. तात्यांनी वही मागवली. म्हणाले, "आज एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदल करायचा, घड्याळ लावायचं, लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत न्हाई, आणि कशानं बिघडलं तेबी कळत न्हाई."

पहिली नोंद अशी: ब्राउझर उघडायला ४८ सेकंद. अर्जाचे पान पुरे यायला १ मिनिट २० सेकंद.

पहिली तपासणी: लाइन

इंटरनेटचे पान आपल्यासमोर येईपर्यंत तीन-चार ठिकाणांहून येते. प्रथम बाहेरच्या लाइनीतून. मग ब्राउझर ते जुळवतो. जुळवताना त्याला कॉम्प्युटरची स्मरणशक्ती लागते. शेवटी चित्र पडद्यावर काढले जाते. ऊस काट्यावरून गव्हाणीत, गव्हाणीतून मिलमध्ये, तसाच हा प्रवास. म्हणून आधी बाहेरचे पाहावे, मग आतले.

तात्यांनी पोरीला मोबाईल त्याच वायफायवर लावून कॉम्प्युटरशेजारी ठेवायला सांगितला आणि तेच पान उघडायला लावले. मोबाईलवर ते ६ सेकंदांत आले. म्हणजे लाइन ठणठणीत, आणि माझे प्लॅनचे जादा पैसे पाण्यात. मी मान खाली घातली.

आपल्याकडे दोन्हींवर पान मंद आले, तर मात्र दोष बाहेर आहे असे समजावे. मग कॉम्प्युटर राउटरजवळ नेऊन पाहावा, किंवा तार जोडून पाहावा. दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते झटकन आले तर पहिल्याच ठिकाणी गर्दी आहे. आणखी एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नव्या ठिकाणी जाताना ब्राउझर बराच वेळ नुसता थांबतो आणि एकदा सुरू झाला की भराभर पाने देतो, असे दिसले तर नावावरून पत्ता शोधण्यात वेळ जात असतो. सभासदाचे खाते काढायच्या आधी नोंदवहीत नाव शोधावे लागते, त्यातलाच हा प्रकार. अशा वेळी राउटरमध्ये पत्ता शोधून देणारा दुसरा क्रमांक घालून पाहतात. १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे त्यासाठी सर्वांना खुले असलेले क्रमांक आहेत.

दुसरी तपासणी: स्मरणशक्ती

लिनक्समध्ये 'सिस्टीम मॉनिटर' नावाची खिडकी असते. बॉयलरवर वाफेच्या दाबाचे घड्याळ असते, तशी ती कॉम्प्युटरची घड्याळे दाखवते. तीन घड्याळे पाहायची: प्रोसेसर किती राबतो, मेमरी म्हणजे रॅम किती भरली, आणि स्वॅप किती वापरात आहे.

आमच्याकडे प्रोसेसर तिसरा हिस्साही राबत नव्हता. मेमरी मात्र काठोकाठ भरलेली. यंत्रात सारी ४ जीबी रॅम, आणि स्वॅपमध्ये जवळजवळ २ जीबी माल जाऊन पडलेला. तात्यांना आकडे कळले नाहीत. पण डब्यावरचा लाल दिवा एकसारखा पेटलेला होता, तो त्यांनी हेरला. "ह्यो दिवा कशाचा?" "हार्डडिस्कचा, तात्या." "मग ती धापा टाकतीय की!"

त्यांनी फिटरच्या भाषेत समजावले ते असे. रॅम म्हणजे कामाचे बेंच आणि हार्डडिस्क म्हणजे लांबचे स्टोअर. बेंचवर जागा असली की पाना, हातोडी, छिन्नी हाताशी राहते. जागा संपली की एक हत्यार स्टोअरमध्ये ठेवून दुसरे आणावे लागते. मग माणूस कामापेक्षा येरझाऱ्याच जास्त घालतो. स्वॅप म्हणजे ह्या येरझाऱ्या. जुन्या हार्डडिस्कमध्ये तर खरोखरीची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि वाचणारा काटा जागा शोधत फिरतो. रॅमच्या मानाने हे काम हजारो पटींनी संथ असते.

यात लिनक्सचा दोष नव्हता. विंडोज असते तरी बेंच तेवढेच होते. आजकालचे ब्राउझर सुरक्षिततेसाठी प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी खोली देतात, म्हणजे एका पानातला खोडसाळ प्रोग्रॅम दुसऱ्या पानातला बँकेचा तपशील पाहू शकत नाही. सोय चांगली आहे, पण प्रत्येक खोलीला मेमरी लागते. पोरीची २६ पाने उघडी होती.

तिने हवी ती पाने खूण करून ठेवली आणि अर्जाचे सोडून बाकी सगळी बंद केली. ब्राउझर एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडला. वहीत नोंद: उघडायला ४१ सेकंद, अर्जाचे पान ३७ सेकंद. निम्म्याहून जास्त फरक पडला होता.

तिसरी तपासणी: ब्राउझरच्या जोडण्या

आता त्या दोन जोडण्यांचा नंबर लागला. त्यांना इंग्रजीत एक्स्टेन्शन म्हणतात. नांगराला फाळ लावावा तशा त्या ब्राउझरला लावता येतात. पण त्यांतल्या काही प्रत्येक पान उघडताना मध्ये येऊन ते आधी चाळतात. चेकनाक्यावर प्रत्येक बैलगाडी थांबवून मोळी सोडून पाहिली, तर रांग लागणारच.

फायरफॉक्समध्ये मदतीच्या यादीत 'ट्रबलशूट मोड' आहे. त्यात सर्व जोडण्या तात्पुरत्या बंद होतात, काही पुसले जात नाही. त्यात वेग वाढला तर दोष जोडण्यांत. क्रोममध्ये 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडून अशीच परीक्षा घेता येते, कारण तिथे आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय जोडण्या चालत नाहीत. दोन्ही ब्राउझरांच्या यादीत 'टास्क मॅनेजर' ही खिडकीही आहे; कोणते पान, कोणती जोडणी किती मेमरी खाते ते तिथे ओळीने दिसते.

आमच्याकडे ट्रबलशूट मोडमध्ये पान १४ सेकंदांत आले. दोन्ही जोडण्या काढून टाकल्या, नेहमीच्या रीतीने ब्राउझर उघडला, तरी १५ सेकंदच. सवलत शोधून देणाऱ्या जोडणीने आजवर किती रुपये वाचवले, असे तात्यांनी विचारले. पोर हसली, त्या दिवसातली पहिल्यांदा.

रात्री पावणेअकराला अर्ज भरून झाला. फोटो चढला, सही चढली, पैसे गेले, पावती निघाली. पावतीचा कागद तिने आजीच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

आणखी तीन ठिकाणे

आमचा दोष वरच्या दोन ठिकाणी सापडला. पण आपला तिसरीकडे असू शकेल, म्हणून तेही सांगून ठेवतो.

पहिले, चित्र काढणारा भाग. कॉम्प्युटरात चित्रासाठी वेगळा भाग असतो, त्याला ग्राफिक्स म्हणतात. त्याचा योग्य ड्रायव्हर बसलेला नसेल तर ते सारे काम प्रोसेसरच्या मानेवर येते. पान सरकवताना धक्के बसतात, व्हिडिओ अडखळतो, पंखा ओरडतो. फायरफॉक्सच्या मदतीच्या यादीतून 'ट्रबलशूटिंग माहिती' उघडून ग्राफिक्सच्या कोष्टकात पाहावे. तिथे 'सॉफ्टवेअर' किंवा 'एलएलव्हीएमपाइप' असे शब्द आढळले तर हाच रोग आहे. लिनक्स मिंटसारख्या प्रकारांत 'ड्रायव्हर मॅनेजर' असतो, त्यातून इलाज होतो. तोवर व्हिडिओ ४८० वर पाहावा.

दुसरे, धूळ आणि उष्णता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. आपल्या घरांत कडबाकुट्टीचा भुसा, चुलीचा धूर, रस्त्याचा फुफाटा काय कमी आहे? यंत्र बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने पंखा आणि जाळी साफ करावी. सकाळी बरे चालणारे यंत्र दुपारी मंदावत असेल तर आधी हेच पाहावे.

तिसरे, डिस्क. ती गळ्यापर्यंत भरली की कामाला जागा उरत नाही. उतरवून ठेवलेले सिनेमे काढून थोडी मोकळीक ठेवावी. लिनक्सच्या 'डिस्क्स' या प्रोग्रॅममध्ये डिस्कची प्रकृतीही कळते. तिथे धोक्याची सूचना दिसली, तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी दाखले, फोटो, हिशेब यांची दुसरीकडे नक्कल करावी. वेग मागाहून बघता येईल.

खर्च केला तो एवढाच

अर्ज गेला, घाई संपली. पण ब्राउझर उघडायला अजून ४० सेकंद लागतच होते. वहीतले आकडे पाहून आता आम्हाला नेमके कळत होते की पैसे कुठे घालायचे. पुतण्याने चिंचवडहून ४ जीबीची आणखी एक रॅम पट्टी आणि एक छोटी एसएसडी आणली. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क. बेंच दुप्पट झाले आणि स्टोअर शेजारी आले. वहीत शेवटची नोंद: ब्राउझर ५ सेकंद, पान ६ सेकंद, मोबाईलबरोबर. नव्या लॅपटॉपच्या किमतीचा दहावा हिस्सा खर्च झाला. उरलेल्यात खताचे भागले.

प्रत्येक जुने यंत्र वाचवता येते असे मात्र मी म्हणणार नाही. ३२ बिटचे फार जुने यंत्र असेल तर लिनक्सवर क्रोमने २०१६ साली आणि फायरफॉक्सने २०२५ साली त्याच्यासाठी नव्या आवृत्त्या काढणे थांबवले. जुन्या ब्राउझरवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. तिथे मोह सोडावा. बैल म्हातारा झाला की त्याला औताला जुंपू नये.

आणखी एक इशारा. "तुमचा कॉम्प्युटर स्लो झाला आहे, आम्ही दुरुस्त करतो, हे ॲप घाला," असा फोन आला तर ठेवून द्यावा. कोणी अनोळख्याने धाडलेली आज्ञा न समजता यंत्रात टाइप करू नये. 'सुडो' या शब्दाने सुरू होणारी तर मुळीच नाही, कारण त्या शब्दाने यंत्राच्या सगळ्या किल्ल्या हाती जातात. पैशाची फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितके पैसे लांब.

ध्यानात ठेवावे

१. मंद केव्हापासून झाले आणि त्या सुमारास काय बदलले, हे आधी आठवावे.
२. घड्याळ लावून वेळ मोजावा आणि वहीत लिहावा.
३. त्याच वायफायवर मोबाईलने तेच पान उघडून पाहावे. लाइन चांगली असेल तर वरचा प्लॅन घेऊन उपयोग नाही.
४. सिस्टीम मॉनिटरमध्ये मेमरी आणि स्वॅप पाहावे. नको ती पाने बंद करावीत.
५. जोडण्या बंद करून पाहावे. उपयोग नसेल ती काढून टाकावी.
६. धूळ, ड्रायव्हर, डिस्क यांची पाहणी करावी.
७. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या कागदांची नक्कल ठेवावी.
८. एवढे करूनही भागले नाही, तरच खिशात हात घालावा; आणि तोही आकड्याने दाखवलेल्या ठिकाणी.

असो. ती वही आता कॉम्प्युटरशेजारी खिळ्याला टांगलेली असते. परवा विहिरीवरची मोटार पाणी कमी देऊ लागली. थोरला म्हणाला, "मोटार गेली, नवी टाकावी लागंल." पुतणी वही घेऊन उठली आणि विचारती झाली, "कधीपास्नं?" फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकला होता, तो निघाला.

आपल्या घरीही एक वही टांगून ठेवावी, एवढीच विनंती.

— आपला एक ऊस उत्पादक सभासद